फिरत्या चाकाचा पंचनामा

ती घटना आठवली की आजही माझी नजर आधी स्वतःच्या पायांकडे जाते. का, ते शेवटी सांगतो. चोऱ्या, दरोडे, दोन-तीन खून असे पुष्कळ तपास मी केले आणि बहुतेक तडीस नेले. पण घरच्या मंडळींना त्यांतला एकही नको असतो. त्यांना हवा असतो तो तपास, ज्यात गुन्हा घडलाच नव्हता, आरोपी निर्दोष होता आणि फसलेला इसम एकटा मी होतो.

मध्यप्रांत-वऱ्हाडाचे दिवस. अकोल्याच्या बाजूला एका लहान ठाण्यावर मी नवा ठाणेदार. चळवळ जोरात होती आणि कुठे काही टकटक वाजले की बॉम्बच, अशी वरिष्ठांची समजूत होती, म्हणून आमचीही. एका सकाळी आमचा खबऱ्या, बाजारातला पानवाला, विड्याला चुना लावता लावता म्हणाला, "साहेब, नदीकाठच्या माळ्यानं मोटारीचं भंगार जमवलं हाय. मळ्यातल्या खोपडीत टकटक वाजते. दार लावून बसते तो."

चार शिपाई आणि दोन पंच घेऊन मी छापा घातला. दार ढकलले तर आत सायकलचे चाक. लाकडी घोड्यावर उभे बसवलेले, आऱ्यांना मोटारीच्या भंगारातली लोहचुंबके बांधलेली, भोवतीच्या चौकटीवर आणखी लोहचुंबके. चाक फिरत होते आणि फेऱ्या मोजायला लावलेली पत्र्याची पट्टी टकटक वाजत होती. शेजारी चाळिशीचा माळी, वांग्याचे रोप लावावे तितक्या जपून, चौकटीला एक चुंबक बांधत बसला होता.

नवा ठाणेदार तपशील सोडत नाही. पंचनामा मी स्वतः सांगितला: "लोहचुंबके जडवलेले सायकलचे चाक, एक, फिरत असलेले." खाली झोकदार सही केली. चाक मालखान्यात गेले, माळी माझ्या टेबलासमोर आला.

"हे कशासाठी केलंस?"

"मोट वढाले, साहेब. बैलायले आराम."

"आणि चाकाला कोण ओढणार?"

"चुंबक."

"चुंबकाला ताकद कुठून येणार?"

माळी माझ्याकडे दयेने पाहत म्हणाला, "चुंबकाले कडबा लागते काय जी?"

या प्रश्नाचे उत्तर दंडविधानात नव्हते. दारूगोळा सापडला नव्हता, पत्रके नव्हती. गाव सोडायचे नाही अशी ताकीद देऊन मी त्याला घरी पाठवले. चाक मात्र ठेवून घेतले, कारण जिल्ह्याच्या साहेबांना अहवाल द्यायचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी नेहमीची फेरी मारली. मालखान्याच्या गजांच्या दारातून आत पाहिले आणि थबकलो. चाक फिरत होते. कुलूप जागेवर, लाखेचे सील शाबूत. संध्याकाळच्या फेरीला पाहिले, तरी फिरत होते. तिसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी तेच. दारावरचा शिपाई खाडकन सलाम ठोके आणि मागे चाक टकटक करी. पाचव्या दिवशी माझी खात्री पटली, की जगाने आजवर जे पाहिले नाही ते माझ्या मालखान्यात चालू आहे.

तरी तज्ज्ञाचे मत घ्यावे म्हणून शाळेतल्या मास्तरांना बोलावले. ते अमरावतीला शास्त्र शिकून आले होते. माळ्यालाही बसवले.

मास्तर म्हणाले, "साहेब, चुंबक जवळ येताना जेवढं ओढतं, तेवढंच लांब जाताना मागे धरून ठेवतं. वरून आसाचं घर्षण. हे चाक थांबलंच पाहिजे."

"मास्तर, तुमी पुस्तकातलं सांगून राह्यले," माळी म्हणाला. "म्या हातानं करून पाह्यलं."

"मग तुझ्या हातचं किती वेळ चाललं, ते सांग की."

माळी जरा घुटमळला. "पाव घंटा चालते. मंग दमते. एक चुंबक कमी पडून राह्यलं."

इथे मी टेबलावर मूठ आपटली. "पाव घंटा काय? पाच दिवस झाले, थांबलेले नाही! मी या डोळ्यांनी पाहतो आहे."

माळ्याचे तोंड उघडेच राहिले. "काय म्हनता! माह्या घरी तं इतकं चालत नवतं, साहेब."

वाचकहो, ज्याने यंत्र बनवले तोच शंका घेतो आहे, आणि ठाणेदार त्याला हमी देतो आहे. कोणत्याही शहाण्या अधिकाऱ्याचे कान इथे टवकारले असते. माझे नाही टवकारले. मास्तरांनी चाक पाहू द्या म्हटले, तर मी म्हणालो, "मुद्देमाल आहे. मी पाहिले ते पुरे." त्याच दुपारी जिल्ह्याच्या साहेबांना दोन पानी अहवाल पाठवला. 'स्वयंचलित' हा शब्द त्यात चार वेळा होता.

दोन दिवसांनी गुरांचा बाजार होता. त्या सकाळी माझ्या उजव्या बुटाचा तळ सुटला, म्हणून जोडा मोच्याकडे दिला आणि घरच्या चपला घालून ठाण्याकडे निघालो. वाटेत माळ्याची बायको आडवी आली. हातात विळा तसाच, भाजी कापता कापता उठून आलेली.

"काय मंतर घातला जी तुमी माह्या मानसावर? बैलजोडी बाजारात घेऊन गेला तो. म्हनते, ठाणेदारानं सांगतलं, चाक थांबतच नाई. आता बैल कायले पायजे?"

"बाई, चाक खरंच थांबत नाही."

"भर उन्हाचे दिवस. मिरची अन् वांगी पान्यावर उभी हायेत. चांदूर बाजारहून आनलेली जोडी हाय, पोरावानी वाढवली. चाक नाई चाललं तं मोटेले तुमाले जुपू काय?"

"चला, डोळ्यांनी पाहा," असे म्हणून मी तिला मालखान्याकडे नेले. ही माझ्या फेरीची वेळ नव्हती आणि चपलांचा आवाज नव्हता.

चाक गपगार उभे होते. पहाऱ्यावरचा शिपाई भुईमुगाच्या शेंगा फोडत होता. मला पाहताच तो ताडकन उठला, काठी गजांतून आत घातली, चाकाला एक सणसणीत धक्का दिला आणि खाडकन सलाम ठोकला. टकटक सुरू झाली.

"हे काय?" मी काठीकडे बोट दाखवले.

"साहेब, पंचनाम्यात 'फिरत असलेले' लिवलं हाय. मुद्देमाल जप्तीच्या येळी जसा होता तसाच ठेवा लागते. पहारा बदलताना आमी तसाच ताब्यात देतो. आपली फेरी आली का बुटं वाजतात, मंग जरा जोरात देतो."

ठाण्याचे म्हातारे हवालदार मागे येऊन उभे होते. ते शांतपणे म्हणाले, "खाली आपलीच सही हाय, साहेब."

बाई हसली नाही. तिने विळा कमरेला खोचला आणि म्हणाली, "आता पळा."

मी पळालो. गणवेशात, चपला घालून, भर बाजारातून. माळ्याचा अन् व्यापाऱ्याचा हात उपरण्याखाली गेलेला होता. आमच्याकडे गुरांचा भाव तोंडाने सांगत नाहीत, फडक्याआड बोटे दाबून ठरवतात, आणि ठरला की मागे फिरणे नाही.

"हात काढ बाहेर!" मी ओरडलो.

"काहून जी?" माळ्याने हात तसाच ठेवून विचारले.

तेव्हा सगळ्या बाजारासमोर मला सांगावे लागले. माझा शिपाई, माझी सही, गजांतून काठी, सगळे. लोक पोट धरून हसले. माळी तेवढा हसला नाही. त्याने हात बाहेर काढला आणि बैलाच्या पाठीवर ठेवला.

"मले वाटतच होतं, साहेब," तो म्हणाला. "म्याच बनवलं, मले ठाऊक, किती चालते. पन तुमी म्हनले. ठाणेदार खोटं कायले सांगन?"

जिल्ह्याच्या साहेबांनी मला चाकासकट अकोल्याला बोलावले. त्यांनी चाक टेबलावर ठेवायला सांगितले, एका बोटाने फिरवले आणि आम्ही दोघे ते थांबेपर्यंत न बोलता बघत बसलो. मग त्यांनी दाराकडे हात केला. एवढीच शिक्षा. चाक मी स्वतः मळ्यात नेऊन दिले. बैल मोट ओढत होते. माळ्याने लगेच एक चुंबक सोडून दुसऱ्या जागी बांधायला घेतले, आणि बाईने माझ्याकडे असे पाहिले की मी पाणीही न पिता निघालो.

स्वतःहून फिरणारे चाक मी पुन्हा पाहिले नाही, आणि असू शकत नाही हे आता ठामपणे सांगतो. ते चाक सात दिवस माझ्या बुटांवर चालले होते. पण पुढच्या नोकरीत मला तशी चाके ठाण्याठाण्यात दिसू लागली. मी आलो की धडाधडा बोलणारा साक्षीदार, मी विचारले की चटकन कबूल होणारा आरोपी, मी म्हटले की 'हो साहेब' म्हणणारे अख्खे गाव. अशा वेळी मी जबाब लगेच लिहून घेत नसे. बाहेर जाऊन बूट काढायचो, अनवाणी परत यायचो आणि दाराआड उभा राहून ऐकायचो, की आत अजून काही फिरते आहे का.