ओढणीच्या गाठीतले तांदूळ

परवा बाभुळगावात शेजारच्या बेबीसोबत तिच्या शेतात गेले होते. तिने विहिरीवरचं डिझेल इंजिन सुरू केलं, धुरात ओल्या दोराचा वास मिसळला आणि माझ्या पायाखालची जमीन डोलायला लागली.

फाळणीनंतर कराचीहून निघालेल्या बोटीत मी पुन्हा आईला चिकटून बसले होते. आमच्या सिंधी घरात रीत होती. प्रवासाला निघताना मूठभर तांदूळ-साखर दर्याला वाहायची आणि सुखरूप पोचलं की पुन्हा वाहायची. कराचीच्या धक्क्यावर आईने अर्धी मूठ सोडली आणि उरलेली ओढणीच्या टोकाला बांधली. मुंबई दिसली तशा साऱ्या बाया तांदूळ वाहायला कठड्याशी धावल्या. आई जागची हलली नाही. मी ओढणी ओढली तर म्हणाली, “थांब. अजून पोचलो नाही.”

तेव्हा वाटलं, पुढे आणखी एखादं बंदर असेल. मी कितीतरी दिवस त्याची वाट पाहिली.

आई इथेच, बाभुळगावात गेली. तिला अंघोळ घालणाऱ्या बायांनी ओढणीचं ते टोक कापून माझ्या हातात दिलं. गाठीत आता नुसता भुगा आहे, तरी मी ती कमरेला खोचून ठेवते. बेबीला हे ठाऊक आहे.

पाटाला पाणी आलं तशी ती म्हणाली, “काकू, आता तरी सोडून द्या न ते. सारी जिनगानी इथंच गेली तुमची.”

मी वाकले. गाठीला नख लावलं. आणि माझ्या तोंडून, आईच्या आवाजात, सिंधीतून निघालं, “थांब. अजून पोचलो नाही.”