शेजारचे शब्द

बाबा इंग्रजी शिकवायचे. 'बँक' म्हणजे पैशांची की नदीचा काठ, असं कुणी विचारलं की त्या शब्दावर बोट ठेवून म्हणायचे, "याच्याकडे नको, शेजारी कोण बसलंय ते बघ." शेजारी होडी असली की काठ आपोआप कळायचा. माणसाचंही तसंच असावं, एकट्याचा अर्थ लागत नाही.

हल्ली बाबा मला ओळखत नाहीत. म्हणून गेलेल्या आईचा फोटो आज भिंतीवरून काढून मांडीवर घेतला, भावाला शेजारी बसवलं आणि त्यांच्यासमोर बसले. अडलेलं वाक्य वाचावं तसं त्यांनी आमच्यावरून सावकाश बोट फिरवलं.

मग अदबीनं त्यांनी विचारलं, "तुम्ही तिघं एकमेकांचे कोण?"