ज्याला व्हर्लिन ‘साहेब’ म्हणाला

“डोकं उघडं व्हतं का तुजं?”

“उघडं म्हंजी? तांब्यावानी. वर तोंडात अंड्याचा घास.”

“आन् त्यानं काढला?”

“निस्ता काढला न्हाय, फिरून फिरून काढला. काठीवर क्यामेरा, आन् काठी माज्या नाकाम्होरं. वर म्हनतोय, हलू नका बाई, किती सुंदर दिसताय.”

व्हर्लिन टॅकेट फळीमागच्या स्टुलावर बसून कानातलं कालचं टोमॅटोचं बी कोरत होता. करंगळी कानातच ठेवून तो म्हणाला, “सुंदर? मग त्येचं डोळं आदी तपासाया पायजेत.”

नेडीन हसली नाही. तेव्हा व्हर्लिनला कळलं, की घाव खोल गेलाय. एरवी ही बाई असल्या बोलण्यावर दुप्पट परतफेड करायची.

नेडीन हॉस्किन्स त्याच्या पालावर गिऱ्हाइकांनी त्याला फेकून मारायचे टोमॅटो विकायची. गेल्या वसंतात तिच्यावर उपचार झाले. दुखणं गेलं, पण जाताना केस घेऊन गेलं आणि ते परत आणून द्यायचं विसरलं. गिऱ्हाइकांसमोर ती केसांचा टोप आणि वर जुन्या धाटणीची कापडी टोपी घाले. गोणपाटाच्या पडद्यामागं मात्र टोप खुंटीला आणि डोकं वाऱ्याला. मागच्या लोकांना सगळं ठाऊक होतं, आणि त्यांनी ते आपल्या रीतीनं पचवलं होतं. व्हर्लिन तिला भोपळा म्हणायचा. शेजारी काकडीचं लोणचं विकणारा गस तिच्या टाळूत बघून दाढी विंचरायचा. नेडीनला ते चालायचं. चालायची नाही ती कीव. गावात ती किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसायची. तिथं येणारी प्रत्येक बाई मान एका बाजूला कलती करून, आवाज मऊ करून विचारायची, “खरंच कशी आहेस गं?” त्या कलत्या माना नेडीनला नकोशा व्हायच्या. दुखणंसुद्धा तेवढं नकोसं झालं नव्हतं. शनिवार-रविवार ती ह्या जुन्या राजेशाही सोंगांच्या जत्रेत यायची ते इथं कुणाची मान कलत नाही म्हणून.

आणि आता हा बाबा ते चित्र जगभर दाखवणार. मग अख्खा मुलूख मान कलती करून पालावर येणार. तिच्या हातचा टोमॅटो घेऊन हसत कोण फेकणार?

“त्यो बोलला,” नेडीन म्हणाली, “रातीला टाकतो. खाली मंद वाजंत्री लावतो म्हनला. लोकं रडत्याल.”

व्हर्लिननं करंगळी कानातून काढली आणि विजारीला पुसली. “नाव काय म्हनलीस त्येचं?”

नाव ट्रेंटन. मखमली झगा, कमरेला भाड्याची तलवार, छातीवर असं चकचकीत चिलखत की त्यात बघून भांग पाडावा. ह्याचा धंदा काय? तर जत्रेत फोटो कसे काढावेत, त्यातली सभ्यता काय, हे तो लोकांना फोनवरून शिकवायचा. त्याचे ते धडे लाखानं लोक बघायचे. त्या रविवारी सकाळीसुद्धा तो वेशीपाशी छातीवर हात ठेवून आपल्याच क्यामेऱ्याला सांगत होता, की मित्रहो, परवानगी ही पहिली पायरी. एवढं बोलून तो गोणपाट उचलून आत शिरला आणि दुसऱ्या पायरीवर नेडीन अंडं खात बसलेली होती.

खरं तर जत्रेची रीत शिकवायला लाखभर लोक लागत नाहीत. कोंबडीलासुद्धा कळेल अशी ती आहे. फोन जरा उचलायचा, समोरच्याच्या डोळ्यात बघायचं, भुवई वर करायची. त्यानं मान हलवली तर काढायचा, नाही हलवली तर फोन खिशात आणि पाय रस्त्याला. काढलात तर त्याच्यासमोर पैशासाठी ठेवलेल्या टोपीत काहीतरी टाकायचं. गल्लीच्या तोंडाशी काठी उभारून हजार माणसांची वाट अडवायची नाही. खेळाची शेवटची फिरकी टिपायची नाही, कारण त्या एका फिरकीवर खेळणाऱ्याचं पोट असतं. आणि गोणपाटामागं तर फोन काढायचाच नाही. गोणपाटामागं जत्रेतला राजासुद्धा मुकुट काढून डोकं खाजवतो. आठवडाभर तो गाड्यांचे विमे विकतो, त्यालाही कुठंतरी खाजवायला जागा लागते.

व्हर्लिनचं तोंड त्याच्या बापाकडून आलेलं. बाप ओहायोच्या डोंगरात तंबाखूच्या रानात खेचरामागं चालायचा, आणि खेचराला जे बोलायचा ते ऐकायला बांधापलीकडची माणसं नांगर थांबवायची. खेचर मेलं तेव्हा लोक म्हणाले, शरमेनं मेलं. पुढं रान गेलं, तंबाखू गेली, तोंड तेवढं पोराच्या वाट्याला आलं. पोरानं टाकीची मोटार घेतली, जाड पाइप घेतला आणि लोकांच्या संडासाच्या टाक्या उपसायचं काम धरलं. अजूनही सोमवार ते शुक्रवार तो तेच करतो. घरात कुणी कितीही झुंबरं टांगू देत, टाकी सगळ्यांची सारखीच भरते, हे त्याचं तत्त्वज्ञान. ते पुस्तकात वाचलेलं नाही.

जत्रेत तो पहिल्यांदा आला तो असाच, संडास उपसायला. भर दुपारी पाइप लावून उभा होता. सरदाराच्या वेषातला एक गलेलठ्ठ पाहुणा नाकाला रुमाल लावून त्याच्यावर खेकसला, की हे असलं काम लोकांसमोर का करता? व्हर्लिन त्याला म्हणाला होता, “सरकार, ठेव तुमचीच हाय. मी निस्ता हमाल.” सरदार आणखी बोलला, व्हर्लिन आणखी बोलला. बघता बघता तलवारबाजी सोडून लोक संडासाभोवती गोळा झाले. शेवटी तो सरदारच हसता हसता पोट धरून खाली बसला. जत्रेची मालकीण पोटाला चिमटा काढणारी म्हातारी होती. तिनं दुसऱ्याच आठवड्याला एका फळीला भोक पाडून घेतलं आणि व्हर्लिनचं डोकं त्यात घातलं.

तेव्हापासून चाललंय. गिऱ्हाइकानं नेडीनकडून टोमॅटोची बादली घ्यायची, रेघेवर उभं राहून भोकातल्या तोंडावर नेम धरायचा, आणि बादली संपेपर्यंत व्हर्लिननं त्याची सालटी काढायची. लोक आपले सासरे आणतात, साहेब आणतात, लग्नाआधी नवरदेव आणतात. भोकातलं बोलणं भोकातच राहतं, त्याचा राग बाहेर न्यायचा नाही, ही इथली रीत. व्हर्लिनची शिवी म्हणजे मानाचा नारळ. ज्याला ती मिळाली नाही, तो नुसतीच टर्कीची तंगडी खाऊन घरी गेला म्हणायचं.

आणि ज्याला व्हर्लिन ‘साहेब’ म्हणाला, तो संपला. आजवर हे एकदाच झालं होतं. लोकांवर पाणी उडवणाऱ्या धोबिणींच्या खेळात एका गड्यानं एकीच्या परकराला हात घातला होता. व्हर्लिन त्याला भोकातून नुसतं म्हणाला, “या साहेब, बसा साहेब.” तो गडी जेवायच्या आधी मोटारीत बसून निघून गेला होता.

ट्रेंटन पालावर आला तेव्हा रेघेमागं दाटी झाली होती. त्यानं काठी मातीत रोवली, क्यामेरा आपल्याकडं वळवला, केस नीट केले. मग बादली घ्यायला नेडीनसमोर हात केला. टोप घातलेली नेडीन त्याला ओळखू आली नाही. ओळखायला आधी बघावं लागतं. सकाळी जिला सुंदर म्हणून गेला, तिच्या हातून बादली घेताना त्याची नजर आपल्याच क्यामेऱ्यात होती. नेडीननं बादली दिली आणि व्हर्लिनकडं बघून भुवई उचलली.

व्हर्लिननं भोकात डोकं घातलं.

“या, साहेब,” तो म्हणाला.

शेजारी गसचा चिमटा लोणच्याच्या पिंपात तसाच थांबला.

“उन्हाचे आलात. पाणी घेतलंत का?”

ट्रेंटन हसला. त्याला वाटलं, ही उडीआधीची मागं घेतलेली पावलं असतील. त्यानं नेम धरला. टोमॅटो फळीवरून गेला आणि मागच्या गवतात पडला.

“फार छान, साहेब. थोडं डावीकडं बघा.”

दुसरा फळीला लागला. तिसरा बरोब्बर व्हर्लिनच्या भुवईवर फुटला, रस नाकावरून ओघळला. रेघेमागचे लोक ओरडले, कारण आता तरी भोकातून शिव्या बरसायला पाहिजे होत्या.

“आभारी आहे, साहेब.”

ओरडा जागच्या जागी विझला. “अहो, काहीतरी बोला ना,” ट्रेंटन म्हणाला. “शिव्या द्या.”

“आपल्यासारख्या सज्जनाला? कसं शोभेल, साहेब.”

बँकेत खातं उघडताना जेवढी गंमत येते, तेवढी आली. माणसं एकेक करून पांगली. ट्रेंटननं उरलेले टोमॅटो बादलीत तसेच ठेवले, काठी उपटली आणि काय बिघडलं ते न कळता पुढं चालू लागला. त्याच्या आधी गस गल्लीत पोचला होता. गसचे गुडघे गेलेले आहेत, पण बातमी न्यायची असली की ते परत येतात.

मग जत्रेनं त्याला वाळीत टाकलं, आणि वाळीत टाकण्याची इथली तऱ्हा अशी, की कुणी वाकडा शब्द बोललं नाही. धोबिणींनी त्याच्यावर पाणी उडवलं नाही. त्यातली एक हात पुसत म्हणाली, आपला झगा भिजेल, साहेब. चिखलात लोळणारे सोंगाडे भिकारी तो येताच उठून उभे राहिले आणि त्याला वाट करून दिली. फोटो काढू का म्हणून आता तो जागोजाग विचारत होता. प्रत्येकजण अवश्य साहेब म्हणायचा, दोन्ही हात बाजूला सोडायचा आणि पासपोर्टच्या फोटोसारखा उभा राहायचा. एरवी राजा असल्या झगेवाल्याला बघून म्हणायचा, “कवण हा भामटा आमुचे राज्यात घुसिला?” आज तो मुकुट सावरून म्हणाला, “काही विम्याचं काम होतं का, साहेब?” ते तर फारच झालं. दुपार कलेपर्यंत ट्रेंटनच्या क्यामेऱ्यात एवढी सभ्यता जमा झाली, की बघणारा झोपला असता.

तो परत पालावर आला तेव्हा चिलखताच्या आत घाम निथळत होता. “मी काय केलं?” त्यानं विचारलं.

“काही नाही, साहेब,” भोकातून आवाज आला.

नेडीननं बादली खाली ठेवली. त्याच्यासमोर उभी राहिली आणि टोपीसकट टोप दोन बोटं वर उचलला. उचलला आणि परत बसवला. ट्रेंटनला ओळख पटायला तेवढं पुरलं.

मग तो बोलायला लागला, आणि बोलायला त्याला चांगलं येत होतं. तो क्षण किती खरा होता, किती हृदयस्पर्शी होता, तिच्या धैर्यातून लोकांना किती बळ मिळेल. बोलता बोलता त्याची मान हळूहळू एका बाजूला कलली.

“मान सरळ कर,” नेडीन म्हणाली.

त्यानं केली. “पण लोक रडतील हो, बाई.”

“का? रडाया त्यास्नी सोताच्या घरी जागा न्हाय?”

मग तो नियमावर आला. गोणपाटामागं फोटो काढू नये अशी पाटी कुठं लावलीय, असं त्यानं विचारलं. हा सभ्यतेचा मास्तर.

व्हर्लिननं डोकं भोकातून बाहेर काढलं. तोंडावर टोमॅटो वाळला होता. फळीला वळसा घालून तो पुढं आला आणि अगदी हळू बोलला. “माजं काम तुमच्यासारक्यांच्या घरामागं आसतं, साहेब. संडासाच्या खिडकीवर कुनी पाटी लावल्याली मला आजवर दिसली न्हाय. पर मी कवा आत वाकून फोटो काढला न्हाय.”

गस पिंपाआडून खोकला. ट्रेंटननं इकडंतिकडं बघितलं. त्याची बाजू घेणारं कुणी नव्हतं. त्यानं फोन काढला, नेडीनसमोर धरला आणि ते चित्र पुसलं. नेडीन हलली नाही.

“पुसल्यालं जमा व्हतं ती पेटी आसती त्येच्यात,” ती म्हणाली. “तीबी उघड.”

त्यानं तीही उघडली. अंड्याचा घास तोंडात घेतलेली नेडीन तिथं बसलेली होती. क्षणभर तिनं स्वतःकडं बघितलं. “मीठ कमी पडलं व्हतं,” ती म्हणाली आणि आपल्याच बोटानं ते कायमचं पुसून टाकलं.

“आता तरी?” ट्रेंटननं विचारलं. त्याला माफी मागायची होती असं कुणी समजू नये. त्याला त्याचा खेळ पाहिजे होता. क्यामेरा त्यानं परत काठीवर चढवलाच होता.

व्हर्लिननं नेडीनकडं बघितलं. तिनं खांदे उडवले आणि सकाळची अर्धी बादली पायानं त्याच्याकडं सरकवली. व्हर्लिन मागं गेला, भोकात डोकं घातलं.

“काय रं ए पत्र्याच्या डब्या,” तो म्हणाला, आणि गल्लीतले लोक वळले. “चिलकत एवडं घासलंस, आन् आत मानूस भरायचा इसरला का? तुजी आय म्हनत आसंल, ह्येच्यापरीस आरसा पाळला आसता तर बरं व्हतं. आरशात निदान कवातरी दुसऱ्याचं त्वांड दिसतं.”

गर्दी जमली. ट्रेंटनच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. तो क्यामेऱ्याकडं वळून म्हणाला, बघा मित्रहो, ही जत्रेची खरी गंमत. आणि फेकलेला टोमॅटो पुन्हा गवतात गेला.

आजवर भोकातून व्हर्लिन हजारो माणसांना बोलला होता, त्यातलं मनापासून काहीच नव्हतं. आज सगळं मनापासून होतं. पण भोकातलं बोलणं खेळातलं धरायचं, ही रीत त्याचीच. ट्रेंटन खूश होऊन, पालावरच्या पैशाच्या टोपीत चांगली मोठी नोट टाकून निघून गेला. जाताना त्यानं नेडीनला लवून नमस्कारही केला.

नेडीननं फळीमागं येऊन ओल्या फडक्यानं व्हर्लिनच्या डोळ्यावरचा रस पुसला. “ह्या टायमाला खरं बोललास,” ती म्हणाली.

“गप ए भोपळ्या. म्होरं कोन हाय बग.”

पुढं एक नवरदेव होता, त्याच्या दोस्तांनी दोन्ही दंडांना धरून आणलेला. नेडीननं टोपी नीट केली, बादली उचलली आणि गल्लीला ऐकू जाईल अशी आरोळी दिली. व्हर्लिननं मान भोकात घालून घसा खाकरला.