चोरीला न गेलेली गाडी

कवळीवाल्याला सगळे कवळीवालाच म्हणत, आणि त्यालाही त्याचं काही वाटत नसे. दातांच्या डॉक्टरांसाठी तो कवळ्या बनवायचा. एका इमारतीच्या तळमजल्यावर त्याची खोली होती. टेबलावर प्लास्टरचे जबडे मांडलेले, खिडकीशी मेण वितळवायचं भांडं, कोपऱ्यात पॉलिशचं चाक. दिवसभर लोकांच्या तोंडाची काळजी वाहणारा हा माणूस स्वतःच्या तोंडाला मात्र कधी लगाम घालत नसे. आणि बोलायचा तरी कशावर? तर आपल्या मोटरसायकलवर.

गाडी जुनी, बोजड, किक मारून चालू करायची. तशाच गाड्या असणारी सात-आठ माणसं रविवारी सकाळी शहराबाहेरच्या चहाच्या टपरीवर जमत आणि तिथून दूरवर चक्कर मारून येत. त्यात गाडी चालवायला शिकवणारे मास्तर सगळ्यांत वडीलधारे. मास्तरांची एक खासियत होती. ते बाकावर डोळे मिटून बसत आणि वळणापलीकडून येणारा नुसता आवाज ऐकून कोण आलं ते सांगत. पुढेपुढे सगळ्यांनाच ती विद्या आली. प्रत्येकाच्या गाडीचा ठोका वेगळा, आणि तो ठोका म्हणजेच त्या माणसाचं नाव, असा त्यांच्यात कायदाच होऊन बसला होता. कवळीवाल्याची गाडी तिसऱ्या-चौथ्या ठोक्याला किंचित अडखळायची. इंजिनाचा आणि लोखंडाचा डॉक्टर म्हणजे त्यांच्यातला वेल्डर. तो म्हणायचा, "हिला उचकी आहे, ती काढायची नाही. काढली तर आम्ही तुला ओळखायचं कसं?"

वेल्डर त्याचा जिवलग. त्या गाडीचं स्टँड, पायदान, मागचं कॅरिअर, सगळं वेल्डरनं जोडून दिलेलं, आणि मजुरीचा विषय काढला की शिव्या घालायचा.

आता एवढं सगळं छान चाललेलं असताना माशी कुठं शिंकली? तर गुडघ्यात. कवळीवाला साठीला टेकला होता. उजवा गुडघा आधी कुरकुरायला लागला, मग सुजायला लागला, आणि मग एक दिवस किक उलटी बसली तेव्हा भर रस्त्यात त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. बायको म्हणाली, "अहो, बटण दाबून चालू होणारी घ्या की एखादी हलकी. लाजायचं काय त्यात?"

लाजायचं काय त्यात! हे तिला सांगणार कोण, की लाजायचं होतं, आणि ते त्यानंच करून ठेवलं होतं. काही वर्षांपूर्वी त्यांच्यातला एक फोटोग्राफर तसलीच हलकी, बटणाची गाडी घेऊन टपरीवर आला होता. कवळीवाल्यानं चहाचा पेला हातात धरून विचारलं होतं, "गाडी आणलीस, का घरचा मिक्सर उचलून आणलास?" सगळे खो खो हसले. कवळीवाल्याला मग चेव चढला. त्या दिवसापासून फोटोग्राफरचं नाव मिक्सर पडलं. दोन-तीन रविवार आला बिचारा, मग यायचा बंद झाला. तेव्हा कवळीवाला म्हणाला होता, "कचरा आपोआप गाळला जातो."

म्हणून त्यानं काय केलं, तर गुपचूप शहराच्या पार दुसऱ्या टोकाला गिऱ्हाईक शोधलं. एक नर्सबाई होत्या, चाळिशीच्या आसपासच्या. वडिलांकडं लहानपणी अशीच गाडी होती म्हणाल्या. त्याच्या डोळ्यांदेखत त्यांनी एका किकेत ती चालू केली आणि घेऊन गेल्या. जाताना म्हणाल्या, "काळजी करू नका काका, जपेन." तो फाटकाशी उभा राहून ती उचकी ऐकत राहिला, ऐकू येईनाशी होईपर्यंत. मग त्यानं नवी, हलकी, बटणाची गाडी घेतली. रोज कामावर तीच न्यायचा, आणि घरी आणली की वरून चादर घालायचा.

रविवारी तो बसनं टपरीवर गेला. मनात पक्कं ठरवून गेला होता की सांगून टाकायचं. पण मास्तरांनी डोळे उघडून विचारलं, "आवाज नाही आला तुझा. गाडी कुठंय?" आणि शेजारून वेल्डर हसत म्हणाला, "विकली असेल! हा आणि गाडी विकणार! त्यापेक्षा बायको माहेरी धाडेल कायमची." पुन्हा सगळे खो खो हसले. ते हसणं कवळीवाल्याच्या ओळखीचं होतं.

"चोरीला गेली," तो म्हणाला.

झालं. शब्द तोंडातून गेला. वेल्डरनं उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. कोणीतरी त्याला बाकावर जागा करून दिली, कोणीतरी चहा आणून दिला. मास्तरांचे तर डोळे भरून आले. खरं सांगायचं तर कवळीवाल्याला ते आवडलं. घटकाभर त्याला स्वतःलाच वाटलं की खरंच चोरी झाली आहे आणि आपल्यावर मोठाच प्रसंग गुदरला आहे. "तक्रार दिलीस?" मास्तरांनी विचारलं. "दिली की," तो म्हणाला. एकदा घसरलेला माणूस एका पायरीवर थोडाच थांबतो.

त्याचा अंदाज असा की चार दिवस हळहळतील आणि विसरतील. पण ही माणसं विसरणारी नव्हती. पुढच्या रविवारपासून चक्कर बंद आणि शोध सुरू! शहराचे भाग वाटून घेतले त्यांनी. भंगाराच्या वखारी, गॅरेजं, रेल्वे स्टेशनाबाहेरच्या गाड्यांच्या रांगा, काही सोडलं नाही. आणि कवळीवाला? तो वेल्डरच्या मागे बसून स्वतःच विकलेली गाडी गल्लोगल्ली शोधत फिरत होता. वेल्डर मध्येच गाडी थांबवायचा, "थांब, ऐक, उचकी वाटते का?" म्हणून कान टवकारायचा, आणि कवळीवाला मागे बसून "नाही रे, आपली नाही," म्हणायचा. भीक नको पण कुत्रं आवर, अशी त्याची गत झाली. घरी आला की जेवण जाईना. बायको एवढंच म्हणायची, "सांगून टाका. जितका उशीर कराल तितकं जड होईल." तो म्हणायचा, "पुढच्या रविवारी."

एका रविवारी वेल्डर नेहमीसारखा बोलेना. टपरीवर एकटाच बाजूला उभा होता. कवळीवाल्यानं विचारलं तेव्हा म्हणाला, "मेव्हण्याशी वाजलं." वेल्डरच्या बायकोचा भाऊ जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकायचा. त्याच्या दुकानात वेल्डरला एक स्टँड दिसलं, जोड अगदी त्याच्या हातचा वाटला. "मी म्हटलं, गाडी मोडून विकलीस ना तू? खरं सांग. तो म्हणाला, हे तुम्हीच मला जोडून दिलं होतंत, आठवा. मला नाही आठवलं. मी नाही नाही ते बोललो. दुकानात गिऱ्हाईक होतं, त्याच्यासमोर चोर म्हणालो." मग थोडं थांबून म्हणाला, "आता ही भावाकडं जायचं नाव काढत नाही, आणि माझ्याशीही धड बोलत नाही."

हीच वेळ होती. कवळीवाल्यानं तोंड उघडलंसुद्धा. पण वेल्डर त्याच्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाला, "जाऊ दे. तुझ्या गाडीपुढं काय आहे ते." त्यावर कवळीवाल्यानं उघडलेलं तोंड मिटलं. दुखऱ्या गुडघ्यावर थाप बसली होती, पण कळ तिथून आली नाही.

त्यानंतर एका कामाच्या दिवशी सकाळी तो कवळीला पॉलिश करत होता, तेवढ्यात मास्तरांचा फोन आला. मास्तर शिकाऊ पोरीला घेऊन पेट्रोल पंपावर थांबले होते आणि त्यांनी ती उचकी ऐकली होती. "सापडली रे! एक बाई चालवतेय. किल्ली काढून घेतलीय मी. म्हणते, विकत घेतली. वेल्डरलाही बोलावलंय. तू ये, मग पोलिसांना बोलावू."

"मास्तर, तिचे कागद..." कवळीवाला म्हणाला.

"दाखवत होती. कागद काय, कोणीही छापतो. कान खोटं बोलत नाही माझा."

कान खोटं बोलत नव्हताच. कवळीवाल्याच्या हातातली कवळी चाकावरून निसटली आणि भिंतीवर आपटली. त्यानं बायकोला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बसनं जाणार का? पाऊण तास ती बाई चोरासारखी उभी राहील तिथं." मग फोन ठेवून दिला.

तो नव्या गाडीवर बसला. बटण दाबलं.

पंपावर बघ्यांची गर्दी झाली होती. मधोमध त्याची ती जुनी गाडी, तिच्या हँडलवर मास्तरांचा हात. वेल्डर खाली वाकून स्टँडवरचा आपला जोड बोटानं चाचपत होता. नर्सबाई थोड्या अंगाला, पांढऱ्या गणवेशात, हाताची घडी घालून उभ्या होत्या. कवळीवाला आला तो कोणाला कळलंच नाही. नव्या गाडीला आवाज होता कुठं! तो उतरला तेव्हा वेल्डरनं आधी त्याच्याकडं बघितलं, मग त्या चकचकीत हलक्या गाडीकडं.

"या काका," नर्सबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, उलट जीव भांड्यात पडल्यासारखा होता. "सांगा बाई यांना तुम्हीच."

क्षणभर, अगदी क्षणभर, कवळीवाल्याच्या मनात आलं की म्हणावं, मी हिला ओळखत नाही. हे मनात आलं, आणि त्याला स्वतःची शिसारी आली.

"चोरी झाली नव्हती," तो म्हणाला. "मीच विकली. यांना."

"काय?" मास्तर म्हणाले.

"गुडघा गेलाय माझा. किक बसत नाही. तुम्ही हसाल म्हणून..." वाक्य पुरं झालं नाही. पुरं करण्यासारखं त्यात काही नव्हतंच. बघ्यांपैकी एक जण फिस्सकन हसला. कवळीवाल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मास्तरांनी हँडल सोडलं. खिशातून किल्ली काढून ती दोन्ही हातांनी नर्सबाईंपुढं धरली. "मुली, माफ कर," ते म्हणाले. नर्सबाईंनी किल्ली घेतली. "माझ्या जागी रात्रपाळीची बाई थांबून राहिली असेल," एवढंच त्या म्हणाल्या. जाताना कवळीवाल्यापाशी थांबून हळूच बोलल्या, "चारचौघांत चोर म्हणाले हो मला. एक फोन केला असतात तरी चाललं असतं." मग एका किकेत गाडी चालू करून गेल्या. मास्तर आपल्या शिकाऊ गाडीत जाऊन बसले.

वेल्डर तिथंच होता. त्यानं शिव्या घालाव्यात, एक ठेवून द्यावी, असं कवळीवाल्याला मनापासून वाटत होतं. वेल्डर म्हणाला, "चल."

"कुठं?"

"मेव्हण्याकडं."

दोघं पुढंमागं निघाले. मेव्हण्याचं दुकान अरुंद होतं, छतापर्यंत आरसे, दिवे, साखळ्या टांगलेल्या. तो काउंटरमागे एका कार्बोरेटरला ब्रशनं घासत बसला होता. दोघांना बघून त्याचा हात थांबला नाही.

वेल्डर म्हणाला, "हा माझा मित्र. याची गाडी चोरीला गेली नव्हती. विकली होती त्यानं. चूक झाली."

"कोणाची?" मेव्हण्यानं विचारलं.

"आमची," वेल्डर म्हणाला.

वाटेत कवळीवाल्यानं बोलायचं सगळं जुळवून ठेवलं होतं. पण 'आमची' ऐकलं आणि त्यातला एकच शब्द उरला. "माझी," तो कसाबसा म्हणाला. "याची नाही. माझ्या एकट्याची."

मेव्हण्यानं ब्रश खाली ठेवला. तो कवळीवाल्याशी बोललाच नाही, वेल्डरकडं बघत म्हणाला, "दाजी, यानं इतके दिवस तुम्हाला फिरवलं, तरी हा तुमचा मित्र. आणि मी तुमच्या बायकोचा सख्खा भाऊ, तो मात्र एका स्टँडवरून चोर?"

मेव्हणा पुन्हा घासायला लागला. बसा म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. दोघं बाहेर आले.

बाहेर वेल्डर आपल्या गाडीला टेकून उभा राहिला. कवळीवाला म्हणाला, "मी नाही येत आता रविवारी. कोणत्या तोंडानं येऊ?"

"येशील," वेल्डर म्हणाला. "तुझ्यापायी मेव्हणा घालवून बसलोय मी. आता तूही गेलास, तर मी कोणासाठी घालवला तो?"

हे तो रागानं म्हणाला नव्हता. रागानं म्हणाला असता तर कवळीवाल्याला उलट उत्तर तरी देता आलं असतं. तो खाली मान घालून म्हणाला, "येतो."