मांजरीचं पोट आणि बाबांचे गुडघे

आमच्या घरात रोज सकाळी दोघांना एकच प्रश्न विचारला जातो. "झाली का?" बाबांना मी विचारते आणि मांजरीला बाबा विचारतात. दोघंही उत्तर देत नाहीत. मांजरीच्या बाबतीत निदान वाळूच्या टबात डोकावून बघता येतं.

बाबा एक्क्याऐंशीचे आहेत. सौंसरच्या नगरपालिकेत पाणीपुरवठ्याच्या कामावर त्यांची सगळी नोकरी गेली. व्हॉल्व्ह उघडायचा, व्हॉल्व्ह बंद करायचा, फुटलेला पाइप जोडायचा, आणि ज्यांच्याकडे पाणी पोचलं नाही त्यांच्या शिव्या खायच्या. आई गेल्यावर मी त्यांना पांढुर्ण्याला माझ्याकडे आणलं. मी इथं मराठी शाळेत शिकवते, पहिल्या मजल्यावर दोन खोल्या भाड्यानं घेतल्यात. बाबा यायला तयार झाले, पण एका अटीवर. मांजर सोबत येईल.

ती पिल्लू होती तेव्हापासून बाबा तिला 'बुडी', म्हणजे म्हातारी, म्हणतात, कारण तेव्हाही तिच्या तोंडावर पिल्लाला न शोभणारा वैताग होता. सौंसरला ती कौलांवर फिरायची, कुणाच्याही चुलीपाशी जाऊन बसायची आणि शी करायला शेजाऱ्यांचे वांग्याचे वाफे वापरायची. इथं खाली रस्ता, कुत्री आणि दिवसभर गाड्या. त्यामुळे दार बंद. चौदाव्या वर्षी तिची सगळी दुनिया दोन खोल्यांत आली आणि वांग्याच्या वाफ्याऐवजी न्हाणीच्या कोपऱ्यात प्लास्टिकचा टब आला. ती खायची, झोपायची आणि आमच्याकडे भाडेकरूंकडे बघावं तसं बघायची.

मागच्या हिवाळ्यात, संत्र्याची तोड जोरात होती तेव्हा, लागोपाठ दोन दिवस टबात शी दिसली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ती टबात जाऊन बसली, पाठीची कमान केली, डोळे बारीक केले आणि घशातून असा आवाज काढला की बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. काहीच झालं नाही. ती बाहेर आली, दोन पावलं चालली आणि फरशीवर थोडा फेस ओकली.

"लाईन चोक आहे," बाबा म्हणाले.

"बाबा, ते मांजर आहे."

"मंग? पाइप तर पाइपच असते ना. पाणी कमी, माल जास्त. वरून कितीही जोर लावला तरी काई होत नाई. खालून मारा लागते."

मी शाळेला सुट्टीचा अर्ज टाकला. कारण लिहिलं, 'घरी आजारपण'. ते खोटं नव्हतं.

पांढुर्ण्याच्या जनावरांच्या दवाखान्यात गेले तर डॉक्टर लसीकरणाला गावोगाव गेलेले, परवा येणार. बाबा म्हणाले, सौंसरला चाल. तिथं नवी डॉक्टरीण आली आहे, हे त्यांना कुणीतरी फोनवर सांगितलं होतं. मग त्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट काढला. चार वर्षांनी सौंसरला जायचं तर मांजरीच्या निमित्तानं का होईना, माणसानं नीट दिसावं असं त्यांचं मत. मांजरीसाठी मी खालच्या फळवाल्याकडून संत्र्याचे दोन क्रेट आणले, एकावर एक उपडा ठेवला, आत जुनी चादर घातली आणि सुतळीनं बांधलं.

मंगळवार होता. बस जामसांवलीच्या मारोतीला जाणाऱ्यांनी भरलेली. बाबांना जागा मिळाली, क्रेट त्यांच्या मांडीवर, मी दांड्याला धरून उभी. शेजारी हातात नारळाची पिशवी घेतलेली एक बाई होती. तिनं क्रेटच्या जाळीतून आत पाहिलं.

"काय झालं वं माय इले?"

"हागत नाई," बाबा म्हणाले. पाणीपुरवठ्यातल्या माणसाला आडवळणानं बोलायची सवय नसते. पुढच्या तीन सीटवरच्या माना मागे वळल्या.

बाईला वाईट वाटलं. म्हणाली, "मारोतीले नारळ बोला. आमच्या म्हशीचं असंच झालं होतं."

"नारळानं अजून घट्ट होईन," बाबा म्हणाले.

मी खिडकीबाहेर बघू लागले. मला वाटलं आता भांडण होणार. पण बाई हसायला लागली, आणि मग त्या दोघांत म्हशीचं पोट, बाईच्या सासऱ्याचं पोट आणि बाबांचं स्वतःचं पोट यांवर जी चर्चा झाली ती बाई उतरेपर्यंत थांबली नाही. उतरताना ती म्हणाली, "तुमच्यासाठीबी मागते, काकाजी." बाबांनी नमस्कार केला. ते विहारात जाणारे, पण पोटाच्या बाबतीत त्यांना कुणाचीच मदत चालते.

सौंसरची डॉक्टरीण तिशीच्या आतली, जबलपूरकडची होती. तिच्यापुढे दोन शेळ्या आणि एक गोऱ्हा रांगेत होते. आमची पाळी आली तेव्हा तिनं मांजरीला टेबलावर ठेवून आधी खालचं पोट चाचपलं आणि लघवी होते का विचारलं. मी म्हटलं, सकाळी वाळू ओली होती. "फिर ठीक है," ती म्हणाली. मांजर टबात बसून कुथते तेव्हा लोक शीचं समजून घरी थांबतात, आणि कधीकधी लघवीच अडकलेली असते. तसं असेल तर घरी थांबून चालत नाही, जीव जातो. मग तिनं वरचं पोट दाबलं आणि माझा हात धरून तिथं ठेवला. कातडीखाली खड्यांची माळ लागली.

"मी सांगतलं होतं, चोक आहे," बाबा म्हणाले, आणि त्यांनी शर्टच्या खिशातून एक छोटी बाटली काढून टेबलावर ठेवली. मेडिकल स्टोअरमध्ये माणसांसाठी मिळणारा एनिमा. मी क्रेट बांधत होते तेवढ्यात त्यांनी तो स्वतःच्या सामानातून उचलला होता.

डॉक्टरणीनं बाटली उचलली, वाचली आणि स्वतःच्या ड्रॉवरमध्ये टाकली. "दादाजी, ये बिल्ली को देते तो शाम तक मर जाती."

बाबांनी रिकामा खिसा चाचपला. म्हणाले, "मले काय मालूम. मी तर रोजच घेतो."

"रोज भी मत लीजिए," ती म्हणाली.

मग तिनं कातडीखाली सलाईन दिलं, कोमट पाणी घेतलं, बारीक नळीला काहीतरी बुळबुळीत लावलं आणि अगदी सावकाश काम सुरू केलं. मी मागचे पाय धरले, बाबांनी डोकं. मांजर आधी गुरगुरली, मग बाबांच्या कोपराला नखं लावून गप्प बसली. बराच वेळ काहीच झालं नाही. डॉक्टरीण थांबली, पुन्हा थोडं पाणी सोडलं, पोट चोळलं. एक खडा पडला. मग दुसरा. बाबा वाकून बघायला पुढे झाले, आणि तेवढ्यात मांजर टेबलावर गर्रकन फिरली आणि तीन दिवसांचा सगळा ऐवज इस्त्रीच्या शर्टवर आला.

गोऱ्ह्याचा मालक दारातून बघत होता, तो म्हणाला, "मोकळी झाली."

बाबांनी शर्टकडे पाहिलं, मग मांजरीकडे. "प्रेशर चांगलं आहे अजून," ते म्हणाले.

डॉक्टरणीनं तिला दोन तास नजरेखाली ठेवायला सांगितलं. तेवढ्यात बाबा दवाखान्याच्या नळावर शर्ट धुऊन, ओल्या शर्टानं, पाण्याच्या टाकीजवळच्या चहाच्या टपरीवर जाऊन आले. त्यांच्यासोबत नोकरी केलेले दोघेच उरले होते. काय बोललात म्हणून विचारलं तर म्हणाले, "तिघायचंबी पोट खराब आहे."

घरी येताना माझ्या पर्समध्ये सूचनांचा कागद होता. कोरडे दाणे कमी करायचे, ओलं खाणं द्यायचं. पाणी जास्त प्यायला लावायचं. एक गोड औषध रोज, तेही मोजून, सुई काढलेल्या सिरिंजनं. औषधाचं नाव वाचलं तर तेच बाबांच्या उशाशी होतं. बाबांना चमचे, तिला थेंब. बाटल्या मी वेगळ्या ठेवल्या, कारण डॉक्टरणीनं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की दादाजींना मोजमाप स्वतः ठरवू देऊ नका.

पहिला आठवडा सगळाच फसला. कोहळं उकडून कुस्करून दिलं. तिनं वास घेतला आणि पुढच्या पायानं फरशी खरवडून त्यावर माती टाकल्याचा अभिनय केला. ते कोहळं बाबांनी मीठ-जिरं घालून खाल्लं. चिकन उकडून पाण्यासकट दिलं. तिनं चिकन खाल्लं, पाणी ठेवलं. तीन ठिकाणी तीन वाट्या ठेवल्या, तर तिन्हींना वळसा घालून ती न्हाणीच्या नळाकडे बघत बसे.

बाबा दोन दिवस तिचं ते बसणं बघत होते. तिसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर नळाखाली स्टीलचं भगुणं आणि नळ ठिपकत होता. टप. टप. मी बंद करायला गेले.

"राहू दे," बाबा खोलीतून म्हणाले. "वायसर काढलं मी."

ज्या माणसानं गळणाऱ्या नळापायी आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरात शिरून भांडणं केली, त्यानं आपल्या घरचा नळ मुद्दाम बिघडवला होता. मांजर भगुण्याशी मान वाकडी करून थेंब चाटत होती. भगुण्यातलं पाणी मी झाडांना घालते, तरी बाबा रोज विचारतात, वाया तर गेलं नाही ना.

पाणी सुरू झालं, औषध सुरू होतं, तरी ती एक दिवस करायची आणि दोन दिवस नाही. मी वैतागले. आणि मग शोध लागला तो बाबांना, कारण दिवसभर खुर्चीत बसून एकाच दिशेनं बघण्याइतका वेळ घरात दुसऱ्या कुणाकडे नाही.

"पाह्य, काय करते ते," ते मला म्हणाले. मांजर टबाशी गेली. पुढचा एक पाय काठावर ठेवला. थांबली. पाय काढला. टबाला एक फेरी मारली आणि परत जाऊन पलंगाखाली बसली.

"तिले जायचं आहे," बाबा म्हणाले, "पण चढणं होऊन नाई राहिलं. गुडघे गेले तिचे. मंग ते म्हणते, जाऊ दे, उद्या पाहू. आन् उद्याचं मंग दगड होते."

"तुमाले कसं समजलं?"

बाबांनी पलंगाखालून पाइप कापायची हॅकसॉ काढली, टब मांडीत घेतला आणि त्याची एक बाजू चार बोटं उंचीपर्यंत कापून टाकली. कड टोचू नये म्हणून कानशीनं घासली. एवढ्या कामात त्यांना घाम आला, पण मला हात लावू दिला नाही. टब त्यांनी परत न्हाणीत न नेता खोलीतच स्वतःच्या खुर्चीशेजारी ठेवला.

दुसऱ्या दिवशी शाळेत बैठक चालू होती. माझा फोन वाजला. हेडमास्तर समोर, गडबडीत माझं बोट भलत्याच बटणावर पडलं आणि बाबांचा आवाज खोलीभर झाला.

"झाली. मस्त झाली. नरम आहे. लांबीबी चांगली आहे."

मी फोन उपडा केला. हेडमास्तर प्रेमळ माणूस. चष्मा काढून म्हणाले, "अभिनंदन, मॅडम. मुलगी झाली वाटतं. कोणाला?"

मी खरं सांगितलं. त्यानंतर आठवडाभर शिक्षकांच्या खोलीत मला कुणी डबा उघडताना हाक मारली नाही.

त्याच संध्याकाळी मी धीर करून बोलले. बाबांसाठी मी कमोडची खुर्ची आणून दोन वर्षं झाली होती. दाराआड उभी होती, तिच्यावर वर्तमानपत्रांची रद्दी साचली होती. ते रोज भिंतीला धरून, न्हाणीच्या कडीला धरून खाली बसायचे आणि उठताना मला ऐकू येऊ नये म्हणून नळ सोडायचे. मला ऐकू यायचं.

"बाबा, बुडीचा टब कापला तुमी."

"हो."

"मंग तुमी काहून रोज चढून राहिले?"

त्यांनी मांजरीच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "खुर्चीवर बसून कोणी हागते काय वं? इतका मोठा झालो मी, खुर्चीत तर साहेब बसते."

मी हसले नाही. खरं म्हणजे हसू दाबलं. दोन दिवसांनी रद्दी खाली उतरलेली दिसली. खुर्ची धुऊन उन्हात ठेवलेली होती. मी विषय काढला नाही. त्यांनीच चौथ्या दिवशी जाहीर केलं की खुर्चीचा डावा पाय आखूड आहे, बनवणाऱ्यानं लेव्हल पाहिली नाही. त्यांनी त्याखाली रबरी वायसर लावलं, बहुतेक नळातलंच.

महिन्यानं आम्ही मांजरीला दाखवायला पुन्हा सौंसरला गेलो. डॉक्टरणीनं मागचे पाय हलवून पाहिले आणि सांध्यांचं दुखणं आहे म्हणाली. त्यावर थोडं औषध दिलं आणि बाबांकडे बोट करून बजावलं, आपली गोळी हिला द्यायची नाही. मग तिनं विचारलं, शी कशी होते? मी तोंड उघडायच्या आत बाबा सुरू झाले. किती दिवसांनी, कोणता रंग, सकाळी की दुपारी, टबात शिरल्यापासून किती वेळ. कॅलेंडरचं पानच ते फाडून घेऊन आले होते, त्यावर रोजच्या खुणा. डॉक्टरीण पानावर वाकली.

"दादाजी, ये गोल निशान बिल्ली का है. और ये क्रॉस किसका है?"

बाबांनी पान घडी करून खिशात घातलं. "ते आमचं घरचं आहे," ते म्हणाले.

परतीच्या बसमध्ये गर्दी नव्हती. मांजर क्रेटमध्ये झोपली, बाबाही झोपले. मी हळूच त्यांच्या खिशातून ते पान काढून पाहिलं. गोल बऱ्यापैकी नियमित होते. शेवटच्या दोन आठवड्यांत फुल्याही वाढल्या होत्या. पान परत ठेवताना त्यांनी डोळे न उघडता विचारलं, "लोधीखेडा आलं काय?"

"नाई बाबा, ते सौंसरच्या तिकडं राहिलं. आपण पांढुर्ण्याले चाललो."

"मंग झोपू दे," ते म्हणाले.