साहेबांचं माप

“गजभिये, माझं माप घ्या,” असं म्हणत केतकर साहेबांनी कोट काढून खुर्चीला अडकवला.

मी हातात व्हर्नियर धरून बघत राहिलो. शिपायाने निरोप दिला होता तो एवढाच, की साहेबांनी बोलावलंय, मोजायचं सामान घेऊन या. मला वाटलं, कुठल्यातरी पार्टमध्ये घोळ झाला. जनरल मॅनेजरच्या केबिनमध्ये टूलरूमच्या माणसाला एरवी कोण बोलावतं?

सत्तरचं दशक संपत आलं होतं. हिंगण्याच्या इंडस्ट्रियल एरियात आमचा विजेचे स्विच बनवणारा कारखाना होता आणि मी तिथे टूलरूममध्ये सिनियर टूलमेकर होतो. टूलरूम म्हणजे कारखान्याचा माल ज्या साच्यांतून निघतो ते साचे बनवणारी जागा. साचा चुकला तर हजार पार्ट चुकतात, म्हणून टूलरूमवाले जरा अकडू असतात. मीही होतो. आमचे फोरमन नुकतेच रिटायर झाले होते आणि त्यांची खुर्ची रिकामी होती. इंटरव्ह्यू महिन्याभरात होणार होता. उमेदवार दोन, मी आणि बाहेरचा एक डिप्लोमावाला. निर्णय केतकर साहेबांच्या हातात. तेव्हा त्या दिवशी त्यांनी मला पतंगाचं माप घ्यायला सांगितलं असतं तरी मी घेतलं असतं.

टेबलावर एक खोकं उघडं होतं. आत गोल्फच्या स्टिकची आठ लोखंडी डोकी आणि आठ स्टीलच्या नळ्या. साहेबांच्या इंग्लंडमधल्या मुलीने कुणाच्या तरी सामानातून पाठवलेली. खेळणारे या स्टिकला क्लब म्हणतात, पण आमच्याकडे सगळे स्टिकच म्हणायचे. सोबत मुलीचं पत्र होतं. बाबा, आता रेडिमेड वापरू नका, मापाने जोडून घ्या.

“जबलपूरची टीम येतेय, तीन आठवड्यांनी,” साहेब म्हणाले. “कॅप्टन मी आहे. जुन्या सेटने लाज जाते. जमेल?”

“ड्रॉइंग असेल तर जमेल साहेब.”

“ड्रॉइंग तुम्हीच करायचं.”

गोल्फ मी तोवर फक्त बसच्या खिडकीतून पाहिला होता. पत्रासोबतचा तक्ता वाचून एवढं कळलं की मुख्य गोष्टी दोन, लांबी आणि लाय. लाय म्हणजे डोकं जमिनीवर टेकलेलं असताना दांडा किती तिरपा राहतो तो कोन. अंगण झाडताना उंच माणूस खराटा उभा धरतो, बुटका माणूस आडवा. खराट्याचं त्यात काही बिघडत नाही. पण गोल्फच्या स्टिकचं बूड जमिनीवर सपाट टेकलं नाही तर चेंडू भलतीकडे जातो. म्हणून ज्याच्या त्याच्या उभं राहण्याप्रमाणे डोक्याची मान, म्हणजे दांडा बसतो तो भाग, किंचित वाकवतात.

मी टेप काढला, कोनमापक काढला. साहेबांनी जुनी स्टिक हातात घेतली आणि खेळताना उभे राहतात तसे उभे राहिले. म्हणजे, तसे उभे राहिले असं ते म्हणाले.

केबिनमध्ये आम्ही दोघंच नव्हतो. असिस्टंट वर्क्स मॅनेजर वझलवार साहेब कौतुकाने बघत होते. पर्सोनेलचे एक साहेब होते. चहाचा ट्रे घेऊन शिपाई होता. साहेबांची छाती पुढे, मान वर, गुडघे ताठ. माझ्या मनात आलं, व्हाइसवर कानस चालवणारा माणूससुद्धा इतका ताठ उभा राहत नाही, मग हा माणूस चेंडू कसा मारत असेल? मनात आलं आणि मनातच राहिलं. जनरल मॅनेजरला चार लोकांसमोर ‘साहेब, जरा वाका’ म्हणायची माझी काय टाप?

मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतर घेतलं, दांड्याचा कोन घेतला, अर्ध्या मिलिमीटरपर्यंत सगळं लिहून काढलं. तक्त्यापेक्षा दांडा अर्धा इंच लांब हवा, कोन दोन अंश जास्त उभा हवा. ड्रॉइंग केलं, साहेबांनी त्यावर ‘अप्रूव्ह्ड’ अशी सही ठोकली.

टूलरूममध्ये माझा जोडीदार सुखदेव, अव्वल दर्जाचा फिटर आणि तोंडाने तिखट. त्याने ड्रॉइंग उलटसुलट करून पाहिलं.

“काहून गा, साहेबाची पँट शिवून राहिला का तू?”

“गंमत नको करू. फोरमनची खुर्ची आहे यात.”

“असन. पण त्या असेंब्लीच्या बायांचे स्टूल कधी पाहतं? कुसुमबाई रोज विचारते मले.”

तो विषय मला नको होता. असेंब्ली लाइनवर वीसेक बाया स्विचचे बारीक भाग जोडायच्या. त्यांची स्टुलं माझ्याच ड्रॉइंगवर बनली होती आणि पाठ दुखते म्हणून त्यांनी अर्ज दिला होता. मी स्टुलं तपासली होती. ड्रॉइंगप्रमाणे तंतोतंत होती. तसा शेरा मारून अर्ज परत पाठवला होता. तरी कुसुमबाई कॅन्टीनमध्ये भेटली की म्हणायची, “गजभिये भाऊ, तुमचं ड्रॉइंग बरोबर असन, पण पाठ माही दुखते ना!” मी म्हणायचो, बघू.

स्टिकचं काम मात्र आम्ही जीव लावून केलं. डोक्याची मान वाकवायला खास फिक्श्चर, म्हणजे घट्ट धरणारी पकड, बनवलं. लोखंड वाकवलं की थोडं मागे येतं, स्प्रिंगबॅक म्हणतात त्याला, म्हणून दोन अंश हवे असतील तर तीन वाकवायचं. दांडे कापले, एपॉक्सीने डोक्यात बसवले. मुठीला गुंडाळायला इतवारीच्या बाजारातून चामड्याच्या पट्ट्या आणल्या. आठही स्टिक कोनाला तपासल्या. एकसुद्धा चुकली नव्हती.

सोमवारी सकाळी साहेबांचा फोन. “गजभिये, तुमची आठही पोरं डावखुरी निघाली. सगळे चेंडू डावीकडे. कालचे दोन तर शेजारच्या बंगल्यात.”



आमच्याकडे एक शिस्त होती आणि ती केतकर साहेबांनीच आणली होती. माल नापास झाला की ज्याने बनवला त्याने स्वतः रिजेक्शन नोट लिहायची. त्यात एक रकाना असायचा, ‘कारण’. तो रिकामा ठेवायचा नाही आणि त्यात ‘मानवी चूक’ असलं गुळमुळीत लिहायचं नाही. “स्टिकचीही नोट लागेल बरं का,” साहेब हसत म्हणाले. ते हसत होते. मी नव्हतो.

वझलवार साहेबांनी मला बाजूला घेतलं. स्वभावाने वाईट नव्हते ते, मदतच करत होते. “गजभिये, मटेरियल डिफेक्ट लिहून टाका. डोकी विलायतेची. विलायतेला कोण विचारायला जातंय? इंटरव्ह्यू तोंडावर आहे तुमचा.”

खोटं नाही सांगत, मी पेन उघडलंही होतं. पण मग ती आठ डोकी भंगारात गेली असती, आणि मुख्य म्हणजे, नेमकं काय चुकलं ते मलाच कळलं नसतं. ते मला सहन होण्यासारखं नव्हतं. मी सुखदेवला विचारलं, बूड नीट टेकतं की नाही हे मारता मारता कसं बघायचं?

“ब्ल्यू लाव ना गा,” तो म्हणाला. “डाय बसवताना काय करतो आपण?”

दोन पृष्ठभाग एकमेकांवर नीट बसतात का हे बघायला टूलरूममध्ये एकाला निळा रंग चोपडतात. दुसऱ्यावर जिथे निळं उमटेल तिथेच तो टेकतोय. साधी गोष्ट, पण मला सुचली नव्हती. रविवारी आम्ही दोघं हायलमची पाटी, म्हणजे विजेच्या बोर्डाला लावतात तो तपकिरी कडक तक्ता, आणि निळ्याची डबी घेऊन गोल्फच्या मैदानावर गेलो.

तिथे केतकर साहेब होते आणि त्यांची बॅग उचलणारे म्हातारे कॅडी नत्थूजी. गवतावर पाटी ठेवली, तिच्यावर निळं चोपडलं, वर चेंडू ठेवला. साहेबांनी स्टिक फिरवली. चेंडू डावीकडे गेला. मी स्टिक उलटी करून बूड पाहिलं. निळा डाग फक्त दांड्याकडच्या टोकाला. दुसरं टोक कोरं करकरीत, म्हणजे हवेत. आठही स्टिकचं तेच. साहेबांच्या पांढऱ्या पँटवर निळे शिंतोडे उडाले आणि तो रंग कधीच निघत नाही हे सांगायची हिंमत आमच्यापैकी कुणी केली नाही.

“कोन जास्त उभा झालाय साहेब,” मी म्हणालो. “पण माप तर...”

आणि तेव्हा मी पहिल्यांदा साहेबांकडे नीट पाहिलं. गुडघे वाकलेले, खांदे सैल, पाठ चांगली वाकलेली, हात पार खाली. केबिनमधला माणूस हा नव्हताच.

“साहेब इथं असेच उभे राहतात का?” मी नत्थूजींना हळूच विचारलं.

“मंग? इथं कोण पाहून राहिलं त्यायले?”

मी माप जनरल मॅनेजरचं घेतलं होतं. खेळणारा माणूस त्याहून दोन इंच खाली होता. आणि मला हे केबिनमध्येच दिसलं होतं!

तिथेच पुन्हा माप घेतलं. या वेळी साहेबांना म्हणालो, “माझ्याकडे बघू नका. दहा चेंडू मारा, मी मधेच थांबा म्हणेन.” मान तीन अंश मागे न्यायची होती. दांडा लांब होता तो कापता येतो, त्यात काही नाही. पण एकदा वाकवलेली मान उलट वाकवणं म्हणजे तार खालीवर वाकवण्यासारखं. कधी तुटेल सांगता येत नाही, आणि तुटलं तर दुसरं डोकं भारतात मिळणार नव्हतं.

स्टिकचे नंबर दोनपासून नऊपर्यंत होते, सुरुवात नऊ नंबरपासून केली. सुखदेवने बार धरला, मी मोजत गेलो. “सावकाश गा, सावकाश,” मी म्हणत होतो आणि तो म्हणत होता, “तू चूप राय, आवाज ऐकू दे.” लोखंड तुटण्याआधी बारीक कुरकुरतं, त्याचा कान तिकडे होता. आठ माना वाकल्या. एकही तुटली नाही. शेवटची निघाली तेव्हा माझा शर्ट पाठीला चिकटला होता.

मग नोट लिहिली. ‘कारण’ या रकान्यात मी लिहिलं, ‘माप घेताना ग्राहक कामाच्या स्थितीत नव्हता. हे मापणाऱ्याच्या लक्षात आले होते. संकोचामुळे तो बोलला नाही.’ खाली सही केली. वझलवार साहेबांनी ती वाचली आणि पुढे पाठवली. फोरमनची खुर्ची गेली असं मी धरून चाललो.

जबलपूरच्या मॅचला चेंडू सरळ गेले. साहेब तरीही हरले. “आता सबब उरली नाही हो गजभिये,” असं मात्र म्हणाले.

चार दिवसांनी इंटरव्ह्यू. वझलवार साहेबांनी टूल स्टीलबद्दल, हीट ट्रीटमेंटबद्दल विचारलं. मी उत्तरं दिली. शेवटी केतकर साहेबांनी फायलीतून एक कागद काढून माझ्यापुढे सरकवला. कुसुमबाईचा अर्ज. खाली माझा शेरा, ‘ड्रॉइंगप्रमाणे बरोबर. तक्रारीत तथ्य नाही.’

“या स्टुलांचं माप कधी घेतलं होतं तुम्ही?”

मला आठवत होतं. फार चांगलं आठवत होतं.

“तुमच्या राउंडच्या वेळी, साहेब. तेव्हा सगळ्या जागेवर असतात.”

“आणि मी आलो की त्या कशा बसतात?”

“ताठ,” मी म्हणालो.

साहेबांनी टेबलाच्या खणातून रिजेक्शन नोटचं पॅड काढलं. मी इंटरव्ह्यूच्या खुर्चीत बसूनच ती भरली. ‘कारण’ या रकान्यात काय लिहायचं ते पाठच झालं होतं. लिहिताना खरोखर लाज वाटली. स्टिकच्या वेळी वाटली होती त्याहून जास्त, कारण साहेबांचे चेंडू फक्त दोन रविवार डावीकडे गेले होते. कुसुमबाईची पाठ वर्षभर दुखत होती.

आठवड्याने फोरमनचं पत्र माझ्या हातात पडलं. का दिलं ते साहेबांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. सुखदेव म्हणाला, “आता तुले गा म्हणू का साहेब म्हणू?” मी म्हणालो, तोंड आवर आणि टेप दे.

टेप घेऊन मी असेंब्ली लाइनवर गेलो. मी दारातून आत आलो आणि वीसच्या वीस बाया ताठ बसल्या. कुसुमबाईसुद्धा. कालपर्यंत मला भाऊ म्हणणारी ती बाई पदर सावरून म्हणाली, “या साहेब.”

मी टेप खिशात घातला. रिकामं स्टूल ओढलं, कुसुमबाईच्या शेजारी बसलो आणि तिच्याकडून काम शिकून स्विच जोडायला लागलो. पहिला तासभर कुणी बोललं नाही. दुसऱ्या तासाला पलीकडची एक जण “सरक ना वं” म्हणत शेजारणीला कोपर मारू लागली. बाया हळूहळू मला विसरल्या आणि एकेक करत कामावर ओणव्या झाल्या.

नंतर स्टुलांचे पाय दोन इंचांनी कापले. पण टेप त्या दिवशी खिशातून निघालाच नाही. जेवणाची घंटा झाली तेव्हा मी उठायला गेलो आणि कमरेतून कळ आली ती पार मानेपर्यंत. माप मिळालं होतं.