शेवळातलं पिवळं

मे महिना सरताना मी राजगडाच्या पायथ्याच्या पालीला जातो. चाळीस वर्षं तमाशात सोंगाड्या होतो. फड मोडला, गुडघे गेले, पण ठकुबाईच्या ताटाचं आमंत्रण टिकलं. जत्रेत एकदा आमच्या सोळा उपाशी माणसांना या बाईनं डोंगरातली भाजी शिजवून जेवू घातलं होतं.

वळवाची सर पडली की गडाच्या उतारावर शेवळं, म्हणजे रानभाजीचे कोंब, उगवतात. त्यांची जागा फक्त ठकुबाईला ठाऊक. नवरा गेल्यावर करवंदं, शेवळं, अळंबी विकून तिनं लेकाला, हनुमंताला वाढवलं.

यंदा तोही पुण्याहून टेम्पो घेऊन आला होता. आईला दिसेनासं झालंय, असा त्याचा संशय. “आये, एकटीनं शेवळं आणून करून दाव. जमलं तर ऱ्हा हितं. न्हाईतर माझ्यासंगं चल.”

“मास्तर, तुमी साक्षीला,” ठकुबाई हसली. “लेक आईची परीक्षा घेतोय. उद्या शाळंत घालील मला!”

सकाळी ती एकटीच झोळी घेऊन रानात गेली, शेवळं आणली आणि सोलून शिजवली. शेवळ सोलताना आतल्या दांड्याचं पिवळं काढून टाकावं लागतं. जरा राहिलं तरी घसा खाजतो.

पहिला घास पाहुण्याचा, म्हणजे माझा. घशात काटेच काटे. हनुमंत माझ्या तोंडाकडे बघत होता.

“वा! फर्मास!” डोळ्यांतलं पाणी मी हसण्यात खपवलं. “हनुमंता, तुझी वाटी इकडं दे बाबा. वर्षातनं एकदाच मिळतं.”

“मास्तर, हावरट लई तुमी!” त्यानं हसत वाटी सरकवली. मी तीही संपवली. वाटलं, जिंकलो.

पण बायका मागून जेवतात. ठकुबाई कढईतलं उरलेलं घेऊन बसली. एक घास घेतला आणि थांबली.

“मास्तर, पिवळं ऱ्हायलं व्हय?”

“छे, न्हाई!” म्हणालो खरा, पण आवाज फाटका निघाला. ज्या गळ्यावर जन्मभर पोट भरलं, त्यानंच दगा दिला.

तिनं ताट बाजूला सारलं. “म्या पाहुण्याला खाज खायला घातली,” ती हळूच म्हणाली. मग लेकाला, “हनुमंता, काढ टेम्पो.”

निघताना चाचपडत माझ्याजवळ आली. रानात न्यायची झोळी तिनं माझ्या हातात दिली आणि शेवळांची जागा सांगितली. ओढा, वाकडा हिरडा, त्याच्या वरच्या अंगाला काळा खडक. नीट, दोनदा सांगितली.

मी दोन्ही वेळा हो म्हणालो. मला आता शेताचा बांधही चढवत नाही.